गाईडचं पब्लिकेशन रेकॉर्ड कसं वाचायचं: मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडीसाठी लॅब शोधणाऱ्यांना

नेट निघाली, जेआरएफ मिळाली, आता लॅब शोधायची. मग बहुतेक जण काय करतात तर गुगल स्कॉलर उघडतात, सरांचं किंवा मॅडमचं नाव टाकतात, उजव्या कोपऱ्यात एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांचा संदर्भ किती जणांनी दिला यावरून काढलेला आकडा) दिसतो तो बघतात, 40 असेल तर वा, 12 असेल तर नको, विषय संपला. जेआरएफची 2 आणि एसआरएफची 3 अशी 5 वर्षं ज्या लॅबमध्ये काढायची ती एका आकड्यावर ठरवायची हे मला अजिबात पटत नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. एका माणसाचं रेकॉर्ड नीट वाचायला साधारण एक दुपार लागते, आणि जवळजवळ सगळी साधनं फुकट आहेत.

आकडा बघाच, त्यात काही वावगं नाही. पण तो कुठल्या पेपरांमधून आलाय, त्या पेपरांत कुणाचं नाव कुठे आहे, आणि त्या लॅबमधून पोरं हातात काय घेऊन बाहेर पडली, एवढं बघितल्याशिवाय मेल टाकू नका.

आधी माणूस तोच आहे का ते बघा

हे सांगायची गरज वाटत नाही, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पबमेडवर (जीवशास्त्र-वैद्यकातल्या पेपरांची फुकट यादी) एस. पाटील किंवा ए. कुलकर्णी शोधून बघा, कॅन्सर, भातशेती, दंतवैद्यक, सगळं एकत्र येतं. त्यात आपल्याकडे नावं लिहायच्या दहा तऱ्हा. कुणी मधलं वडिलांचं नाव घालतं, कुणी नाही, चौधरी हे एकच आडनाव रोमन लिपीत चार-पाच स्पेलिंगनी सापडतं, आणि कितीतरी मॅडमचे पीएचडीचे पेपर माहेरच्या नावावर आणि पुढचे सासरच्या नावावर असतात, म्हणजे अर्धं रेकॉर्ड दिसतच नाही आणि उगाच वाटतं की यांनी सुरुवातीला काही केलंच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे ऑर्किड. 2012 पासून चालू असलेला हा 16 आकड्यांचा आयडी असतो, संशोधक स्वतः त्यात आपले पेपर जोडतो. लॅबच्या वेबसाइटवर तो दिला असेल तर तिथून सुरू करा. नसेल तर संस्थेच्या पानावरची पेपरांची यादी घ्या आणि पबमेडवर नावाबरोबर संस्थेचं नाव टाकून जुळवा. गुगल स्कॉलरचं प्रोफाइल आपोआप पेपर गोळा करतं, त्यात दुसऱ्याच माणसाचे पेपर घुसलेले असू शकतात आणि प्रत्येक वेळी त्यात लबाडी असते असंही नाही, लोक ते पान साफ करायला विसरतात. यादी सर्वात जुन्या वर्षापासून लावून बघा. माणूस 2003 ला एमएससी झालाय आणि यादीत 1984 चा भूगर्भशास्त्राचा पेपर आहे, तर तो आकडा तसाच धरायचा नाही.

यादी स्वतः बनवा

एक्सेल उघडा. कॉलम असे करा: वर्ष, जर्नल, मूळ संशोधन की रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा), फर्स्ट ऑथर कोण, आपल्या माणसाचं नाव कुठे, करस्पॉन्डिंग (पेपरबद्दल ज्याला लिहायचं तो) कोण, सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) किती. गेल्या दहा वर्षांचे पेपर सगळे भरा, त्याआधीचे फक्त महत्त्वाचे. कंटाळवाणं आहे, पण हे भरताना जे दिसतं ते कुठलंही प्रोफाइल पेज दाखवत नाही.

सायटेशनचा आकडा मात्र एकाच ठिकाणाहून घ्या. गुगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच टाकलेले पेपर), पुस्तकं सगळं मोजतं म्हणून तिथे आकडा मोठा दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस मुख्यतः निवडक जर्नल मोजतात म्हणून तिथे लहान. एका सरांचा गुगलचा आकडा आणि दुसऱ्या मॅडमचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर ती तुलनाच नाही. स्कोपसला पैसे लागतात, पण कॉलेजच्या लायब्ररीत बऱ्याचदा असतं, विचारा. रिव्ह्यू वेगळे काढायला पबमेडवर डाव्या बाजूला फिल्टर आहे. ते वेगळे काढायचेच, कारण रिव्ह्यूला मूळ पेपरपेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात आणि ते लिहायला पिपेट हातात घ्यावी लागत नाही. एखाद्याचे टॉपचे पाचही पेपर रिव्ह्यू निघाले तर माणूस विषय छान समजावतो एवढं कळलं, लॅबमधून काय निघतं ते अजून कळायचंय.

नाव कुठे आहे

आपल्या क्षेत्रात सध्याची पद्धत अशी की ज्याने बेंचवर राबून मुख्य प्रयोग केले तो पहिला, ज्याची लॅब, ज्याचा ग्रँट आणि ज्याची जबाबदारी तो शेवटचा, आणि मध्ये मदत करणारे. दोघांना बरोबरीचं श्रेय असेल तर नावांवर खूण आणि खाली टीप असते. म्हणून गाईडच्या रेकॉर्डमध्ये तुम्ही आधी शोधायचं ते शेवटचं नाव. लॅब सुरू होऊन आठ-दहा वर्षं झाली आणि अजून बहुतेक पेपरांत नाव मध्येच कुठेतरी आहे, तर ते काम बाहेरच्या कुणाच्या तरी लॅबमध्ये होतंय. मोठ्या कन्सॉर्शियमच्या (अनेक लॅबच्या एकत्र गटाच्या) पेपरांचंही तसंच, शेकडो लेखकांत एक नाव, सायटेशन हजारांत, एच-इंडेक्स टुणकन वर. पेपर खरा आणि महत्त्वाचाही असेल, पण त्यावरून तुम्हाला त्या लॅबमध्ये काय शिकायला मिळेल ते कळत नाही.

जुन्या पेपरांना मात्र हा नियम लावू नका. डीएनए सिक्वेन्सिंगची साखळी तोडणारी पद्धत ज्या 1977 च्या पेपरात आली त्यात फ्रेडरिक सँगरचं नाव पहिलं आहे, मागे निकलेन आणि कोल्सन. सँगर तेव्हा नवखे नव्हते, 1958 चं नोबेल आधीच नावावर होतं आणि या कामासाठी 1980 ला दुसरं मिळालं. लॅबचा प्रमुख म्हणून नाव आपोआप शेवटी जाईल असा तेव्हा प्रकार नव्हता.

दुसरं म्हणजे फर्स्ट ऑथरचा कॉलम वरपासून खालपर्यंत वाचा. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची नावं येतायत का? की एकच पोस्टडॉक सगळीकडे पहिला आणि बाकी पोरं मध्ये चिरडलेली? माझ्या मते अख्ख्या शीटमधला हा सगळ्यात कामाचा कॉलम, कारण उद्या तुमचं नाव यातच येणार आहे.

धागा शोधा, एक खरं उदाहरण

टायटल एकामागून एक वाचत गेलं की चांगल्या लॅबमध्ये एक प्रश्न पुढे पुढे सरकताना दिसतो. कातालिन कारिको यांचं रेकॉर्ड यासाठी मुद्दाम उघडून बघा. 2005 ला इम्युनिटी जर्नलमध्ये पेपर, कारिको पहिल्या, ड्रू वाइसमन शेवटचे. त्यात दाखवलं की आरएनएमधले न्यूक्लिओसाइड बदलले तर पेशींचे टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे घुसखोर ओळखणारे पहारेकरी, त्याला परका समजून बोंब मारत नाहीत. 2008 ला मॉलिक्युलर थेरपीमध्ये पुढचा, पुन्हा कारिको पहिल्या आणि वाइसमन शेवटी: युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं तर तोच एमआरएनए प्रथिनही जास्त बनवतो. 2011 ला न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्चमध्ये तिसरा, की बनवलेल्या एमआरएनएत दुहेरी धाग्याच्या आरएनएची जी भेसळ राहते ती एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करायच्या पद्धतीने) काढली तर उरलेली इम्यून प्रतिक्रियाही जाते. तीन पेपर, तीन वेगळी जर्नल, एकच प्रश्न, आणि दर वेळी आधीच्या पेपरात जे अडलं होतं ते पुढच्यात सोडवलंय.

आता याच बाईंकडे 2010 ला कुणी फक्त आकडे बघून पाहिलं असतं तर? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1995 मध्ये त्यांना खालच्या पदावर टाकलेलं, ग्रँट मिळत नव्हते, 2005 च्या पेपरकडे कित्येक वर्षं फार कुणी फिरकलं नव्हतं. कोविडच्या लशी आल्या, फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना दोन्हींत बदललेलं न्यूक्लिओसाइड होतं, आणि 2023 चं नोबेल दोघांना मिळालं. सायटेशनचा डोंगर काम झाल्यानंतर खूप उशिरा उभा राहिला. आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याचे शंभुनाथ दे, कॉलराच्या जिवाणूचं विष आतड्यावर काम करतं हे दाखवणारा त्यांचा नेचरमधला पेपर 1959 चा, आणि त्याची दखल घ्यायला जगाने इतका वेळ लावला की सायटेशन इंडेक्सचे जनक यूजीन गारफिल्ड यांनी 1986 ला त्यांच्यावर मुद्दाम लेख लिहिला.

याचा अर्थ कमी सायटेशन म्हणजे प्रत्येक जण छुपा कारिको असाही काढू नका हं. टायटलांमध्ये धागा आहे का ते बघा. दर वर्षी नवाच विषय, हळद, मग कोविड, मग नॅनोपार्टिकल, मग गट बॅक्टेरिया, असं असेल तर थांबून विचार करा.

एच-इंडेक्स हाताने काढून बघा

हा आकडा 2005 ला जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि जिथवर पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनइतका किंवा त्याहून कमी आहे तिथवर मोजायचं. समजा कुणाचे पेपर असे: 210, 64, 31, 18, 9, 7, 6, 3, 1. सहाव्या पेपरला 7 सायटेशन, चाललं. सातव्याला 6, नाही चालत. म्हणजे एच-इंडेक्स 6. आय-10, म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर, 4.

आता 210 चा पेपर यादीतून काढूनच टाका. उरलं 64, 31, 18, 9, 7, 6, 3, 1. सहाव्याला 6 सायटेशन, एच-इंडेक्स अजूनही 6! आणि 210 च्या जागी 21,000 लिहिलं तरी 6 च. म्हणजे माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेपर असला काय नि नसला काय, या आकड्याला फरक पडत नाही. शिवाय तो कधी कमी होत नाही, वय वाढेल तसा वाढतच जातो, त्यामुळे 55 वर्षांच्या प्रोफेसरची आणि तीन वर्षांपूर्वी लॅब थाटलेल्या असिस्टंट प्रोफेसरची यावर तुलना करणं अन्यायच आहे. स्कॉलरच्या त्या चौकटीत शेजारी गेल्या काही वर्षांचा वेगळा कॉलम असतो, निदान तो बघा.

मोठा आकडा नेमका कशासाठी मिळाला

जगात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर कुठला? ऑलिव्हर लॉरी यांचा 1951 चा, प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा, 3 लाखांच्या वर. नेचरने 2014 ला पहिल्या शंभरांची यादी काढली तेव्हा पहिले तिन्ही प्रोटीनच्या बेंचवरच्या पद्धतींचे होते, लॉरी, लेम्ली, ब्रॅडफर्ड, आणि वॉटसन-क्रिकचा 1953 चा डीएनएच्या रचनेचा पेपर त्या शंभरात नव्हता. लेम्लीचं तर बघण्यासारखं आहे. 1970 चा तो पेपर टी-फोर फाजचं (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचं) डोकं कसं जुळतं यावर आहे, टायटलमध्ये जेलचा उल्लेखसुद्धा नाही, पण प्रत्येक लॅब एसडीएस-पेज (जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करायची पद्धत) चालवताना त्याचं बफर वापरते म्हणून सगळे त्याला साइट करतात, फाजशी कुणाला घेणंदेणं नाही.

म्हणून टॉपच्या दोन-तीन पेपरांचं "साइटेड बाय" क्लिक करा आणि पाच-सहा पेपर उघडून त्यात आपल्या माणसाच्या पेपरचा संदर्भ कुठल्या वाक्यात आलाय ते वाचा. मेथड्समध्ये एका ओळीत आलाय, की प्रस्तावनेत दहा संदर्भांच्या गठ्ठ्यात, की डिस्कशनमध्ये त्याच्यावर पूर्ण परिच्छेद आहे? आणि पटलंय म्हणून साइट केलंय की खोडायला? कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जिवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असं सांगणारा पेपर सायन्समध्ये डिसेंबर 2010 ला आला, 2012 ला तिथेच तो खोडणारे दोन पेपर आले, आणि शेवटी 2025 मध्ये सायन्सने तो मागे घेतला. सायटेशन त्यालाही भरपूर आहेत.

याच यादीत साइट करणाऱ्यांची नावं बघा. निम्मी सायटेशन स्वतःच्याच लॅबची किंवा त्याच चार मित्रांची असतील तर कळेलच. थोडं स्वतःला साइट करणं स्वाभाविक आहे, कामाचा धागा एकच असेल तर आधीचा पेपर सांगावाच लागतो, पण त्याला मर्यादा असते.

जर्नलच्या नावावर किती जायचं

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही, माणसाचा तर मुळीच नाही. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख, एवढंच गणित, म्हणजे सरासरी. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिकाच्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर साधारण 2 होता तो 2009 ला एकदम 49 च्या वर गेला, कारण 2008 ला शेल्ड्रिक यांचा शेल्एक्स सॉफ्टवेअरवरचा एकच लेख सगळ्यांनी साइट केला. त्याच काळात तिथे छापून आलेल्या बाकीच्या पेपरांत काही बदललं नव्हतं. 2012 ला सॅन फ्रान्सिस्कोत सेल बायोलॉजीच्या अधिवेशनात डोरा नावाचं जाहीरनामापत्र तयार झालं त्याचं मुख्य म्हणणं हेच, की माणूस तोलायला जर्नलचा आकडा वापरू नका.

मग पेपर पेपरशी कसा तोलायचा? आयसाइट वापरा, एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं फुकट साधन आहे. पबमेडचे आयडी पेस्ट केले की प्रत्येक पेपरचा आरसीआर, म्हणजे सायटेशनचं तुलनात्मक प्रमाण, मिळतो. तो त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या पेपरांशी तुलना करतो, आणि 1 म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांतला मधला. यीस्टवर काम करणाऱ्याची तुलना कॅन्सरवाल्याशी होत नाही, हा मोठा फायदा. आपल्याकडच्या साध्या बजेटच्या लॅबमध्ये एखादा पेपर 1 च्या आसपास असेल तर मी त्याला चांगला म्हणेन.

खालच्या टोकाला भुरट्या जर्नलचा प्रश्न. पैसे भरा आणि आठवड्यात छापा. युजीसीची केअर यादी, म्हणजे चांगल्या जर्नलांची यादी, जिचं काम आपल्या पुण्याच्या विद्यापीठातून चालायचं, ती 2025 ला बंद झाली, त्यामुळे आता तुम्हालाच बघावं लागतं. पेपर पबमेडवर किंवा स्कोपसमध्ये आहे का, आणि सबमिट झाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख यात चार दिवसांचं अंतर तर नाही ना, हे दोन्ही तपासलं तरी बरंच कळतं.

डाग आहेत का

पबपीअरवर (छापलेल्या पेपरांवर लोक शंका लिहितात ती साइट) नाव टाका, मग रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, डेटाबेसमध्ये टाका, तो 2023 पासून क्रॉसरेफ या संस्थेमुळे सगळ्यांना खुला आहे. मॉलिक्युलर बायोलॉजीत जास्त करून सापडतं ते वेस्टर्न ब्लॉटमध्ये (ठरावीक प्रोटीन पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी). तोच ॲक्टिनचा बँड दुसऱ्या फिगरमध्ये उलटा करून लावलेला, तीच पेशींची फोटोफ्रेम दोन वेगळ्या औषधांखाली. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 20,621 पेपर डोळ्यांनी तपासून 2016 ला छापलं की 3.8 टक्के पेपरांत अशा शंकास्पद फिगर आहेत. तुम्हीही पीडीएफ मोठी करून बँडांचे आकार, कडा, बॅकग्राउंडचे ठिपके बघू शकता.

पण शेरा दिसला की लगेच पळू नका. लेखकाने उत्तर दिलंय का, मूळ ब्लॉट टाकलाय का, ते वाचा. फ्रान्सेस अरनॉल्ड यांनी 2018 च्या नोबेलनंतर, जानेवारी 2020 ला, आपला सायन्समधला पेपर स्वतः मागे घेतला, कारण प्रयोग परत होईना, आणि ते जाहीरपणे सांगितलं. असा गाईड मिळाला तर डोळे मिटून जा. एकाच लॅबच्या पाच पेपरांवर शंका आणि एकालाही उत्तर नाही, तिथे जाऊ नका.

शेवटी शोधगंगा

याचा विचार कुणी करतच नाही. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, गाईडच्या नावाने शोधलं की त्यांच्या हाताखाली झालेले थिसिस मिळतात, सगळ्याच संस्था टाकत नाहीत पण विद्यापीठांचे बरेच सापडतात. थिसिसमधलं विद्यार्थ्याचं नाव घ्या आणि तुमच्या एक्सेलच्या फर्स्ट ऑथर कॉलममध्ये शोधा. नोंदणी कधी, थिसिस कधी, पहिला पेपर कधी? थिसिस झाला आणि पेपर कुठेच नाही, असं एकाचं असेल तर कारण काहीही असू शकतं, चौघांचं असेल तर तो लॅबचा स्वभाव झाला.

त्यातल्या दोघा-तिघांना शोधून मेल करा, शक्यतो एक असा ज्याचा पेपर आला आणि एक असा ज्याचा नाही आला. "सर कसे आहेत" असं विचारू नका, त्याला सगळे "छान आहेत" म्हणतात. विचारायचं ते असं: पहिल्या पेपरचा ड्राफ्ट सरांकडे किती महिने होता, ऑथरशिप कधी ठरली, प्रयोग फसला तेव्हा प्रोजेक्ट बदलू दिला का, कॉन्फरन्सला पाठवलं का. गाईडला मेल टाकताना मग त्यांचा नवीन पेपर घ्या, त्यातली एक फिगर घ्या, आणि त्या फिगरबद्दल खरोखर पडलेला एक प्रश्न तीन-चार ओळींत लिहा. "आपल्या थोर संशोधनाने प्रभावित होऊन" हे वाक्य असलेले मेल त्यांना रोज येतात.